डायकास्ट ट्रॅक्टर आणि पिकअप जमवायचेत? सुरुवात अशी करा

इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवा, इलिनॉय या पट्ट्यात आपली बरीच मराठी मंडळी नोकरीला येतात, आणि कुणी ना कुणी ट्रॅक्टरच्या डीलरकडे किंवा फार्म सप्लायच्या दुकानात गेलं की काउंटरमागच्या फडताळावर ठेवलेले ते लोखंडी वजनाचे छोटे ट्रॅक्टर बघून हमखास विचारतं, की हे जमवायचे तर सुरुवात कुठून करायची. फोनवर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. पुण्या-मुंबईत बसून जमवणाऱ्यांसाठीही शेवटी थोडं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गाड्यांची खेळणी जमवणं आणि शेतीची खेळणी जमवणं यात फरक आहे. शेतीची खेळणी मुळात ट्रॅक्टर विकणाऱ्या डीलरच्या दुकानातून वाढली. बाप ट्रॅक्टर बघायला यायचा, सोबत पोरगं असायचं, आणि त्याच रंगाचा, त्याच मॉडेलचा छोटा ट्रॅक्टर त्या पोराच्या हातात पडायचा. त्यामुळे इथल्या प्रत्येक खेळण्यामागे एक खरं मशीन असतं, आणि ते खरं मशीन तुम्हाला जेवढं माहीत तेवढं खेळणं ओळखायला सोपं. पूर्ण लेखात मी हेच वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे.

थोडा इतिहास, कारण पुढे लागणार आहे

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेत ही खेळणी बिडाची असायची. इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टची आर्केड कंपनी आणि बेल्विडेरची व्हिंडेक्स ही त्यातली मोठी नावं. मग १९४५ साली आयोवातल्या डब्यूक गावात फ्रेड अर्टल या ओतारी कामगाराने घराच्या तळघरातल्या भट्टीत युद्धातलं उरलेलं अॅल्युमिनियम, म्हणजे विमानांचे पिस्टन वगैरे वितळवून वाळूच्या साच्यात ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली, घरची सगळी माणसं रंगवायला आणि जोडायला. त्यातूनच पुढे अर्टल कंपनी झाली. १९५९ ला ती डब्यूकपासून जवळच असलेल्या डायर्सविलला गेली आणि ते छोटंसं गाव या छंदाचं केंद्र बनलं. नंतर मालक बदलत गेले, १९९९ ला रेसिंग चॅम्पियन्सने अर्टल घेतली, २०११ पासून ती जपानच्या टोमीकडे आहे, पण डब्यावर अर्टल हे नाव आजही छापतात. डायर्सविलमध्येच स्पेककास्ट आहे, आणि फ्रेडचा मुलगा जो अर्टल याने काढलेली स्केल मॉडेल्स ही कंपनीही त्याच गावातली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे खेळणं हातात आल्यावर पहिलं काम त्याचं वय ओळखणं. बीड, वाळूत ओतलेलं अॅल्युमिनियम, आणि मग जस्ताच्या मिश्रधातूचं डायकास्ट, म्हणजे धातूच्या साच्यात दाबाने भरलेलं ओतकाम, असा साधारण क्रम आहे. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. बिडाला चिकटतं, अॅल्युमिनियमला आणि जस्ताला नाही. वाळूच्या साच्यातलं ओतकाम बोटाला किंचित खरबरीत लागतं, डायकास्ट गुळगुळीत असतं आणि कडा धारदार येतात. पोटाखाली बघा, अर्टलच्या जुन्या मालावर डायर्सविल, आयोवा असं लिहिलेलं सापडतं, नंतरच्या मालावर चीन किंवा दुसऱ्या देशाचं नाव. एवढ्यावरून निम्मा अंदाज येतो.

पहिली पायरी: स्केल ठरवा

स्केल म्हणजे खऱ्या मशीनच्या किती पट लहान. १२ फूट लांबीचा ट्रॅक्टर धरा. १/१६ मध्ये तो ९ इंच होतो, १/३२ मध्ये साडेचार इंच आणि १/६४ मध्ये सव्वादोन इंच. अमेरिकेत १/१६ हे शेतीच्या खेळण्यांचं जुनं आणि मानाचं माप, आजोबांच्या काळातले बहुतेक अर्टल याच मापातले. युरोपात १/३२ चालतं, ब्रिटनची ब्रिटन्स, जर्मनीची सिकू आणि युनिव्हर्सल हॉबीज यांचा बराच माल त्या मापात मिळतो. आणि १/६४ म्हणजे मुठीत मावणारे, ज्यांच्यासोबत आख्खं शेत मांडता येतं.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या नवीन माणसाला माझा सल्ला सरळ आहे, १/६४ पासून सुरू करा. स्वस्त पडतात, एका शेल्फवर पन्नास मावतात, भारतात न्यायचे झाले तरी बॅगेत जातात, आणि मुख्य म्हणजे या मापात ट्रॅक्टर, हार्वेस्टर, पेरणीयंत्र, धान्याची ट्रॉली, गोठा, सायलो, पिकअप सगळं मिळतं. १/१६ चा एक कम्बाइन हार्वेस्टर घरी आणलात तर तो टीव्हीशेजारची जागा एकटा खातो. पण १/१६ हातात घेतल्यावर जे वजन लागतं, ती मजा लहान मापात नाही हेही खरं, म्हणून बरेच लोक मुख्य कलेक्शन १/६४ चं ठेवतात आणि मनातले दोन-चार ट्रॅक्टर मोठ्या मापात घेतात. मलाही हाच मार्ग पटतो.

एक मात्र करू नका, दोन-तीन मापं एकाच शेल्फवर मिसळू नका. १/३२ चा ट्रॅक्टर आणि १/६४ चा पिकअप शेजारी ठेवला की दोघंही खोटे दिसतात.

दुसरी पायरी: एक धागा पकडा

दुकानात गेलं की सगळंच घ्यावंसं वाटतं. जॉन डिअरचा हिरवा-पिवळा, इंटरनॅशनलचा लाल, अॅलिस-चामर्सचा भगव्याकडे झुकणारा केशरी, फोर्डचा निळा, मिनियापोलिस-मोलीनचा पिवळा, ऑलिव्हरचा हिरवा. इथले जुने कलेक्टर बहुतेक एकाच रंगाचे असतात, कारण घरी ज्या रंगाचा ट्रॅक्टर होता तोच रंग ते जमवतात, आणि त्या निष्ठेबद्दल ते अगदी मनापासून बोलतात.

आपल्या घरी आयोवातली शेती नव्हती, मग आपला रंग कोणता? तर आपलाही धागा आहे, आणि चांगला घट्ट आहे. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनवायला लागले. तो मूळ ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ट्रॅक्टर. म्हणजे आपल्या गावाकडे उसाची ट्रॉली ओढताना जो लाल महिंद्रा बघितलाय, आणि ज्याच्यावर अजूनही २७५ हा आकडा दिसतो, त्याचं नातं थेट इथल्या लाल फार्मॉलशी, म्हणजे इंटरनॅशनलच्याच ट्रॅक्टरशी आहे. इलिनॉयमधल्या मोलीनच्या शेजारी रॉक आयलंडला फार्मॉलचा कारखाना होता, १९८५ साली तिथून शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला. कांदिवली आणि रॉक आयलंड एकाच शेल्फवर मांडता येतात, आणि असं कलेक्शन इथल्या कुणाकडे मी बघितलेलं नाही.

तसंच मॅसी. चेन्नईच्या टॅफेचा १०३५ हा मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातला, आणि एमएफ ३५ ची खेळणी युनिव्हर्सल हॉबीजने १/१६ आणि १/३२ मध्ये फार सुंदर केली आहेत. जॉन डिअरचा कारखाना तर पुण्याजवळ सणसवाडीला आहे, तिथून इकडे बदलीवर आलेले कितीतरी जण या लेखाचे वाचक असतील, तुम्ही ज्या सिरीजवर काम केलं तीच जमवा ना.

धागा कसाही असू शकतो, एक कंपनी, एक दशक, फक्त कम्बाइन, फक्त जुन्या काळातले पुढची दोन चाकं जवळजवळ असलेले, तीनचाकी दिसणाऱ्या धाटणीचे ट्रॅक्टर, किंवा ट्रॅक्टर आणि त्याच काळातला पिकअप अशा जोड्या. धागा असला की काय घ्यायचं नाही ते आपोआप ठरतं, आणि नवीन माणसाचे पैसे नेमके तिथेच वाचतात.

तिसरी पायरी: खरं मशीन शिका

हे लोक टाळतात आणि मग किमतीत फसतात. उदाहरण देतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरने फेब्रुवारी १९७४ मध्ये आपला ५० लाखावा ट्रॅक्टर बनवला, मॉडेल १०६६. अर्टलने त्या निमित्ताने १०६६ ची खास आवृत्ती काढली. आता साधा १०६६ आणि हा ५० लाखावा १०६६ दिसायला जवळपास सारखेच, फरक मुख्यतः स्टिकरमध्ये, ज्याला डिकल म्हणतात. ज्याला ही गोष्ट माहीत आहे तो टेबलावर बघताक्षणी थांबतो, ज्याला माहीत नाही तो साध्याच्या भावात विकतो किंवा कुणीतरी नवं डिकल लावलेला साधा ट्रॅक्टर खासच्या भावात घेतो.

म्हणून एखादं मॉडेल निवडलं की त्याच्याबद्दल वाचा. जॉन डिअर ४०२० घ्या, १९६३ ते १९७२ असा बनला, इथल्या शेतकऱ्यांचा जीव की प्राण. त्याला केबिन होती की नुसतं रोल बार, पुढची चाकं जवळ होती की लांब, मागे डबल टायर लावायचे का, डिझेलवाला की पेट्रोलवाला, हे सगळे फरक खेळण्यातही उतरतात आणि त्यावर किंमत हलते. आयोवातल्या वॉटर्लूला जॉन डिअरचं ट्रॅक्टर आणि इंजिन म्युझियम आहे, मोलीनला त्यांचं पॅव्हेलियन आहे, शनिवारी पोरांना घेऊन जा, खऱ्या ट्रॅक्टरभोवती फिरा, फोटो काढा, एक्झॉस्ट कुठे आहे, पायरी कुठल्या बाजूला आहे ते बघा. मग घरी येऊन खेळणं हातात घ्या, डोळा तयार होतो.

याच जोडीला दर्जाच्या पायऱ्या समजून घ्या. अर्टलचा एकच ट्रॅक्टर कधी कधी साध्या दुकानातल्या आवृत्तीत आणि डीलरच्या आवृत्तीत वेगळा येतो, डीलरवाल्यात बारकावे जास्त. जत्रेसाठी किंवा वर्धापनदिनासाठी काढलेल्या खास आवृत्तीवर तसं डब्यावर छापलेलं असतं, बऱ्याचदा ओतकामातही कोरलेलं असतं. प्रिसिजन नावाची जी सिरीज आहे ती मोठ्या माणसांसाठी, पाईप, वायरी, सीटच्या शिवणीसुद्धा दिसतात, सोबत पदक येतं. प्रेस्टिज हे हल्लीचं, मधल्या दर्जाचं. प्रिसिजन पोराच्या हातात देऊ नका, आरसे आणि लिव्हर पहिल्या दिवशी तुटतात.

चौथी पायरी: पिकअप

आता पिकअपकडे येऊ, कारण शेत ट्रॅक्टरने पूर्ण होत नाही. इथल्या शेतावर घरापासून बांधापर्यंत, बांधापासून गावातल्या धान्याच्या कोठारापर्यंत जे काही होतं ते पिकअपमध्ये होतं, आपल्याकडे बोलेरो पिकअप आणि छोटा हत्ती जे करतात तेच.

मापाची गडबड सगळ्यात जास्त इथे होते. हॉट व्हील्सच्या पाकिटात येणारा पिकअप १/६४ म्हणून खपतो पण तो खरंच त्या मापाचा असेलच असं नाही, कारण सगळ्या गाड्या एकाच आकाराच्या पाकिटात आणि ट्रॅकवर बसवायच्या असतात. गणित करून बघा, १९ फुटी चार दरवाज्यांचा पिकअप १/६४ मध्ये साडेतीन इंचाच्या वर जायला हवा. तो तीनच इंच भरला तर तुमच्या ट्रॅक्टरशेजारी तो अंग चोरून उभा राहिल्यासारखा दिसणार. म्हणून दुकानात जाताना छोटी मोजपट्टी न्या. खऱ्या मापाच्या १/६४ साठी ग्रीनलाइट बघा, इंडियानापोलिसची कंपनी. त्यांच्या डाउन ऑन द फार्म या सिरीजमध्ये ट्रॅक्टर येतात आणि हिच अँड टो या सिरीजमध्ये पिकअपसोबत ट्रेलर येतो, शेत मांडणाऱ्यासाठी याहून सोयीचं काही नाही. त्यांच्या काही पेट्यांमध्ये एखादी गाडी हिरव्या चाकांची किंवा हिरव्या पट्ट्यांची निघते, तिला चेस म्हणतात, ती कमी निघते म्हणून भाव जास्त. हॉट व्हील्समध्ये हाच प्रकार ट्रेझर हंट नावाने १९९५ पासून आहे, आणि सुपर ट्रेझर हंटला रबरी टायर असतात. चेसच्या मागे धावायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मला स्वतःला शेतावर शोभणारा मळकट रंगाचा साधा फोर्ड जास्त आवडतो.

मोठ्या मापात गेलात तर १/२४ च्या आसपासच्या मापात जाडा, मोटरमॅक्स, वेली, मायस्तो या कंपन्यांचे पिकअप वॉलमार्टपासून सगळीकडे मिळतात, मायस्तोचे काही १/२७ असतात हे डब्यावर वाचा. १/१६ च्या ट्रॅक्टरला जोडीचा पिकअप हवा तर अर्टलच्या बिग फार्म सिरीजचे आणि जर्मनीच्या ब्रूडरचे आहेत, पण ते मुख्यतः प्लास्टिकचे, खेळायला उत्तम, डायकास्टच्या वजनाची अपेक्षा ठेवू नका. जुन्यात गेलात तर रॉकफर्डच्या कार्टर कंपनीने ट्रू-स्केल नावाने पत्र्याचे इंटरनॅशनल पिकअप केले होते, ते चांगल्या स्थितीत मिळाले तर हातचे सोडू नका. हो, इंटरनॅशनल हार्वेस्टर पिकअपही बनवायची, १९७५ पर्यंत, आणि स्काउट नावाची जीपसारखी गाडी १९८० पर्यंत. म्हणजे लाल धागा पकडलेल्यांना ट्रॅक्टर आणि पिकअप एकाच कंपनीचा ठेवता येतो.

फोर्डवाल्यांनाही तीच सोय. ८एन ट्रॅक्टर १९४७ ते १९५२ बनला आणि एफ सिरीजचा पहिला पिकअप, एफ-१, १९४८ मॉडेल म्हणून आला. हे दोघं खरोखर एकाच अंगणात उभे असायचे. जोडी लावताना साल जुळवा एवढंच माझं म्हणणं. १९६७ ते ७२ च्या शेवरोले सी-१० शेजारी ४०२० शोभतो, १९७३ ते ८७ च्या चौकोनी शेवीशेजारी १०६६ किंवा त्यानंतरचे मोठे ट्रॅक्टर. १९५० चा ट्रॅक्टर आणि कालचा सिल्वेराडो शेजारी ठेवला तरी चालतो, कारण इथे जुना ट्रॅक्टर साठ-सत्तर वर्षं वापरात असतो, पण मग ट्रॅक्टर थोडा मळका दिसू द्या आणि पिकअपच्या मागे गवताच्या गाठी टाका, बघणाऱ्याला लगेच कळतं.

पाचवी पायरी: कुठे घ्यायचं

नवीन मालासाठी ट्रॅक्टर सप्लाय, फार्म अँड फ्लीट, बोमगार्स, थाइसन्स अशी शेतीची दुकानं, आणि डीलरचा पार्ट्स काउंटर. नाताळच्या आधीच्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त माल मांडलेला असतो आणि नाताळनंतर उरलेला स्वस्तात जातो, तेव्हा जा. डीलरकडे पार्ट्सवाल्या माणसाशी ओळख ठेवा, शेल्फच्या मागे धूळ खात पडलेला एखादा जुना डबा तोच काढून देतो.

जुन्या मालासाठी गावोगावचे टॉय शो, शाळेच्या जिममध्ये किंवा फेअरग्राउंडच्या शेडमध्ये भरतात, तिकीट किरकोळ असतं. टेबलामागचे आजोबा आधी गप्पा मारतात मग भाव सांगतात, त्यांना घाई करू नका. तुम्ही भारतातले आहात आणि महिंद्राच्या २७५ ची गोष्ट सांगितलीत तर ते हमखास खुर्ची पुढे सरकवतात, आणि तुम्हाला जे शिकायला मिळतं ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. दुपारनंतर, सामान आवरायच्या आधी, भावात घासाघीस चालते, सकाळी फारशी नाही.

शेत मोडताना होणारे लिलाव हा तिसरा मार्ग. इथे मात्र आधीच्या दिवशी माल बघायला जा, हातात घ्या, आकडा ठरवा आणि त्याच्या वर बोली गेली की हात खाली. ऑनलाइन घेणार असाल तर पोटाचा, चाकांचा, डब्याच्या सहाही बाजूंचा फोटो मागा. नुसता समोरून फोटो टाकणाऱ्याकडून घेऊ नका.

किमतींचा साधारण अंदाज, नवीन मालाचा: हॉट व्हील्सचा साधा पिकअप दीड डॉलरच्या आसपास, १/६४ चा ट्रॅक्टर किंवा ग्रीनलाइटचा पिकअप पाच ते पंधरा, १/१६ चा साधा ट्रॅक्टर तीस-चाळीसच्या पुढे, प्रिसिजन शंभराच्या वर. जुन्याचा असा आकडा सांगता येत नाही, तो स्थितीवर ठरतो.

सहावी पायरी: हातात घेऊन तपासा

स्थिती लोक १ ते १० अशी मोजतात. १० म्हणजे डब्यातून न काढलेला, १ म्हणजे वाळूत खेळून खेळून रंग संपलेला. विक्रेता ९ म्हणाला तर तुम्ही स्वतः मोजा.

रंग पुन्हा मारलाय का ते आधी बघा. रिव्हेटच्या डोक्यावर, एक्सलवर, टायरच्या कडेला रंग लागलेला दिसला तर तो मागाहून मारलेला आहे, कारण कारखान्यात भाग आधी रंगवून मग जोडतात. डिकल ट्रॅक्टरपेक्षा जास्त चकचकीत असेल तर ते नवं आहे. पुन्हा रंगवलेला ट्रॅक्टर वाईट नसतो, बरेच जण तो फार प्रेमाने करतात, पण त्याचा भाव वेगळा, आणि विक्रेत्याने तसं सांगायला हवं.

बिडाच्या जुन्या खेळण्यांच्या नकला खूप आहेत. खऱ्यात दोन्ही अर्धे घट्ट बसतात आणि रिव्हेट ठोकलेला असतो, नकलेत फट दिसते, पृष्ठभाग दाणेदार असतो आणि अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू असतो. स्क्रू दिसला की खाली ठेवा.

जस्ताच्या डायकास्टचा एक रोग आहे, त्याला झिंक पेस्ट म्हणतात. मिश्रधातूत शिसं वगैरे भेसळ राहिली की वर्षानुवर्षांनी धातू आतून फुगतो, बारीक तडे जातात आणि मग तुकडे पडतात. अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ ला शुद्ध जस्ताचा झामाक हा मिश्रधातू आणला तेव्हापासून त्रास कमी झाला, पण शुद्धता न पाळणाऱ्या कारखान्यांचा माल पुढेही आजारी पडतच राहिला. कोपऱ्यात फोड, वाकलेलं बॉनेट, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले तर घेऊ नका, याला औषध नाही.

टायर दाबून बघा. मऊ प्लास्टिकचे टायर वर्षानुवर्षं कठीण प्लास्टिकच्या रिमला किंवा डब्यातल्या खिडकीला टेकून राहिले की त्यातलं तेल उतरतं आणि दोन्ही एकमेकांत वितळतात. डबाबंद मालात हा दोष बाहेरून दिसत नाही म्हणून डब्याच्या खिडकीतून चाकांच्या खालची जागा नीट बघा. आणि स्टिअरिंग, एक्झॉस्टचा पाईप, सीट हे तीन भाग सगळ्यात आधी हरवतात, बदली भाग बाजारात मिळतात, मूळचे की बदललेले ते विचारा.

सातवी पायरी: घरी आल्यावर

थेट ऊन नको, लाल रंग आधी विटतो. धूळ मऊ मेकअप ब्रशने काढा. फार मळलेला असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, आणि लगेच पंख्याखाली वाळवा कारण एक्सल लोखंडी असतात, गंजतात. डिकलवर पाणी साचू देऊ नका, आणि थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, गंज काढायचे स्प्रे यातलं काहीही जवळ आणू नका. इथल्या तळघरात आणि आपल्या कोकणात-मुंबईत दमटपणा सारखाच त्रास देतो, बंद काचेचं कपाट आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. १/१६ चे ट्रॅक्टर जास्त काळ ठेवायचे असतील तर पोटाखाली छोटा लाकडी ठोकळा द्या म्हणजे टायर चपटे होत नाहीत.

डबा जपा. चपटा करून ठेवू नका, घड्या फाटतात. आणि पहिल्या दिवसापासून वही किंवा एक्सेल शीट ठेवा, नाव, माप, डब्यावरचा नंबर, कुठून घेतला, किती दिले, स्थिती किती, सोबत दोन फोटो. पन्नासच्या पुढे गेलात की आपल्याकडे काय आहे ते आठवत नाही आणि तोच ट्रॅक्टर दुसऱ्यांदा घरी येतो.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना वेगळा साधा १/६४ चा डबा द्या आणि मनसोक्त खेळू द्या, तीन वर्षांखालच्यांना मात्र लहान भागांमुळे नको.

भारतातून जमवणाऱ्यांसाठी

बाहेरून मागवताना खेळण्यांवरची कस्टम ड्युटी आधी बघा. २०२० च्या बजेटमध्ये ती २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ ला ७० केली, आणि असे बदल होत असतात म्हणून मागवण्याच्या दिवशीचा दर तपासा, शिपिंग धरून हिशोब करा, नाहीतर दहा डॉलरचा ट्रॅक्टर घरी येईपर्यंत भलताच महाग पडतो. इकडून कुणी नातेवाईक येत असेल तर १/६४ चे पाच-सहा नग कपड्यांत गुंडाळून आणायला सांगणं सगळ्यात सोपं.

पण आपल्याकडच्या मातीतलंही बघा. सेंटीचे पुल-बॅक ट्रॅक्टर, ट्रॉल्या प्लास्टिकचे असले तरी आपल्या रस्त्यावरच्या गाड्या त्यांच्याइतक्या कुणी केलेल्या नाहीत. जुन्यात कोलकात्याच्या निकी टॉइज, ब्रिटनच्या डिंकी कंपनीच्या जुन्या साच्यांवर बनलेल्या, आणि लिओ मॅटलच्या काळातल्या भारतीय हॉट व्हील्स, ज्यांचे रंग बाहेर कुठे निघाले नाहीत म्हणून परदेशातले कलेक्टर त्या शोधत असतात. मामाच्या माळ्यावरचा खेळण्यांचा डबा एकदा उघडून पोटाखालची अक्षरं वाचाच.

डायर्सविलला जायचं असेल तर

राष्ट्रीय फार्म टॉय म्युझियम १९८६ पासून तिथे आहे, हायवे २० ला लागूनच, वर्षभर बघता येतं. मोलीन-डेव्हनपोर्टकडून दोन तासांच्या आत पोचता. मोठा राष्ट्रीय फार्म टॉय शो नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरतो आणि गावातल्या तीन-चार जागी पसरलेला असतो, एक उन्हाळ्यातही असतो. नोव्हेंबरच्या शोमध्ये लोक आख्खी शेतं १/६४ मध्ये मांडून स्पर्धेला आणतात, कडधान्याच्या दाण्याएवढ्या कोंबड्या, ओळीत उगवलेला मका, चिखलात रुतलेला पिकअप, विकत काही घ्यायचं नसलं तरी तेवढ्यासाठी जा. रोख पैसे न्या, चुंबक, मोजपट्टी आणि आपली यादी खिशात, थंडीचं जॅकेट कारण एका जागेवरून दुसरीकडे चालत जावं लागतं, आणि रिकामा प्लास्टिकचा क्रेट गाडीत. गाव लहान आहे, शोच्या दिवसांत हॉटेल मिळत नाही, त्यामुळे डब्यूकला उन्हाळ्यातच खोली बुक करून ठेवा आणि पहिल्या दिवशी सकाळी दारं उघडायच्या आधी रांगेत उभे राहा.